लोकर कातरणंही परवडेना

१९९० आणि १९९१ या काळात ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या मेंढ्या गोळ्या घालून मारल्या. शेतांत यंत्रांनी लांबच लांब खड्डे खणले, कळप तिथवर हाकत नेले आणि लाखोंच्या संख्येने पुरले. या मेंढ्यांना कसला रोग झाला नव्हता. त्यांच्या अंगावर जगात नावाजलेली मेरिनो लोकर होती. पण त्या लोकरीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, आणि कळप कमी व्हावेत म्हणून सरकारच मेंढीमागे पैसे मोजत होतं.

आपला देश मेंढीच्या पाठीवर बसून श्रीमंत झाला, असं ऑस्ट्रेलियन माणूस अभिमानाने सांगत असे. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. कोरियन युद्धाच्या काळात, १९५०-५१मध्ये, एक पौंड वजनाच्या लोकरीला एका ऑस्ट्रेलियन पौंडापर्यंत भाव मिळत होता. भावातले चढउतार शेतकऱ्याला मारक ठरू नयेत म्हणून १९७०पासून लिलावात सरकारी मंडळ उतरू लागलं. भाव ठरावीक पातळीच्या खाली घसरला की मंडळ स्वतः लोकर खरेदी करी आणि भाव सुधारला की साठा विकून टाकी. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तिचे दिवस पाहिलेल्या शेतकऱ्याला पुढची गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

हमीभाव ठरवणं शेतकऱ्यांच्याच प्रतिनिधींच्या हाती आलं आणि १९८८मध्ये तो किलोला ६४५ सेंटवरून एकदम ८७० सेंटवर गेला. तेव्हा चीन आणि सोव्हिएत युनियन जोरात खरेदी करत होते, त्यामुळे आकडा कुणाला अवाजवी वाटला नाही. १९८९नंतर दोन्ही गिऱ्हाइकं मागे हटली. जपान आणि युरोपातल्या गिरण्यांनी महाग लोकरीत पॉलिस्टर मिसळायला सुरुवात केली. लिलावात मंडळच सगळ्यांत मोठं खरेदीदार बनलं. १९९०मध्ये हमीभाव ७०० सेंटवर उतरवला, तरी गासड्या गोदामात येतच राहिल्या. फेब्रुवारी १९९१मध्ये योजना गुंडाळली तेव्हा साठा होता सुमारे ४७ लाख गासड्यांचा आणि कर्ज अडीच अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक. तो साठा विकून संपायला २००१ साल उजाडलं. या दहा वर्षांत भाव जरा वर आला की गोदामातला माल बाजारात येई आणि तो पुन्हा खाली जाई.

त्या वेळी ऑस्ट्रेलियात सुमारे १७ कोटी मेंढ्या होत्या, आज सात कोटींच्या आसपास आहेत. वर्षाला शंभर कोटी किलोच्या वर कातरली जाणारी लोकर आता तीस कोटी किलोच्याही खाली आली आहे. ज्या गिरण्यांनी त्या काळात पॉलिस्टरवर यंत्रं बसवली, त्यांतल्या बहुतेक पुन्हा लोकरीकडे वळल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाची चूक भावाच्या आकड्यात होती हे खरं. पण गिरणी एकदा तुटली की भाव दुरुस्त करूनही ती परत जोडता येत नाही, हे त्याहून महत्त्वाचं. लोकर आणि प्राण्यांच्या केसांपासून होणाऱ्या कापडाची निर्यात जगात जिथे जिथे घसरली, तिथे थोड्याफार फरकाने हेच घडलेलं दिसतं. मेंढी असते, गिऱ्हाईकही कुठेतरी असतं, मधली धुणारी, पिंजणारी आणि कातणारी माणसं आणि यंत्रं मात्र नाहीशी झालेली असतात.

लोकरीची खरी स्पर्धा प्रयोगशाळेतून आली. १९३५मध्ये अमेरिकेत नायलॉन तयार झालं. १९४१मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी पॉलिस्टरचा धागा शोधला. १९५०च्या सुमारास ॲक्रिलिक बाजारात आलं आणि ते थेट लोकरीच्याच जागेवर बसलं. ते हाताला ऊबदार लागतं, रंग पक्का धरतं, धुतल्यावर आटत नाही, कसर त्याला खात नाही. लुधियानाच्या हिवाळी बाजारात ‘वुलन’ म्हणून विकले जाणारे कितीतरी स्वेटर आज ॲक्रिलिकचे असतात. जगात दर वर्षी १२ कोटी टनांहून अधिक तंतू तयार होतो. त्यात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या पॉलिस्टरचा आणि लोकरीचा जेमतेम एक टक्का.

लोकांचं कपडे घालणंही बदललं. घरं, मोटारी, कचेऱ्या यंत्रांनी गरम राहू लागल्या, तसा जाड कोट मागे पडला. जपानने २००५पासून वीज वाचवण्यासाठी उन्हाळ्यात कचेरीत कोट-टाय न घालण्याची मोहीम सुरू केली. सुटाचं कापड घेणाऱ्या मोठ्या बाजारपेठेतच हे घडलं. मग करोना आला आणि जग घरी बसून काम करू लागलं. ऑस्ट्रेलियातल्या लिलावांचा निर्देशांक ऑगस्ट २०१८मध्ये किलोला २,११६ सेंट इतका चढला होता. सप्टेंबर २०२०मध्ये तो ८५८ सेंटवर आला.

निर्यातीचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नोंदीत ५१व्या प्रकरणात कच्ची लोकर, बकरी-उंट-सशाचे केस, त्यांचं सूत आणि विणलेलं कापड येतं. गालिचे ५७व्या प्रकरणात मोजतात, शिवलेले कपडे ६१ आणि ६२व्या. त्यामुळे एखाद्या देशाचं ५१व्या प्रकरणातलं उत्पन्न घटलं, तर लोकर संपली असा अर्थ लगेच काढता येत नाही. कदाचित तो देश कापडाऐवजी सूट विकत असेल. पण भारतासारख्या देशात सूत आणि कापडच घटतं, तेव्हा कातणं आणि विणणं हे मधलं काम आटत चालल्याची ती खूण असते.

हे मधलं काम असतं तरी काय? मेंढीच्या अंगावरून उतरलेल्या लोकरीत चरबी, घाम, माती, काटेकुटे असतात. धुतल्यावर वजन बरंच घटतं, कधीकधी निम्म्यावर येतं. त्याआधी मानेची, पाठीची, पोटाची लोकर निवडून वेगळी करावी लागते. मग पिंजणं, विंचरणं, कातणं. धुण्याला भरपूर गरम पाणी लागतं आणि ते चरबट सांडपाणी सोडायचं कुठे हा प्रश्न राहतो. ऑस्ट्रेलियातले धुण्याचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि आज तिथली बहुतेक लोकर न धुताच जहाजावर चढते. त्यातला चार-पंचमांशाहून मोठा हिस्सा एकट्या चीनला जातो. सारी लोकर एकाच दाराने बाहेर जात असली की दाराशी उभा असलेला सांगेल तो भाव.

इंग्लंडचं ब्रॅडफर्ड हे शहर एके काळी जगाच्या लोकरीचा भाव ठरवत असे. १८६७मध्ये उघडलेल्या तिथल्या भव्य लोकर बाजाराच्या इमारतीत आज पुस्तकांचं दुकान आहे. कानपूरची ‘लाल इमली’ १८७६ची. लष्कराच्या कांबळ्यांपासून तिची सुरुवात झाली आणि पुढे उत्तर भारतात तिचं नाव म्हणजे लोकरीच्या शालीचा भरवसा झाला. १९८१मध्ये तिची मालकी सरकारकडे गेली, आणि पुढे तिथलं उत्पादन थांबलं. महाराष्ट्रातलं उदाहरण ठाण्याचं. १९२५मध्ये सुरू झालेली तिथली गिरणी १९४४मध्ये सिंघानिया घराण्याकडे आली आणि रेमंड या नावाने घरोघरी पोहोचली. लग्नातल्या सुटाचं कापड म्हणजे रेमंड, असा कित्येक मराठी कुटुंबांचा शिरस्ता होता. कंपनीचं कापड आता जळगाव, छिंदवाडा, वापी इथे होतं आणि ठाण्यातल्या गिरणीच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे आहेत. रेमंडच्या उंची कापडातली लोकर मात्र पूर्वीपासून ऑस्ट्रेलियाची. डिसेंबर २०२२मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाला तेव्हा या लोकरीवरचं आयातशुल्कही गेलं. भारतातल्या सुटाच्या उद्योगाचा देशी मेंढीशी संबंध कधी फारसा नव्हताच.

कारण आहे तंतूची जाडी. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. मेरिनोची लोकर साधारण १७ ते २२ मायक्रॉनची, न्यूझीलंडच्या जाड लोकरीची ३३च्या पुढे, दख्खनी मेंढीची त्याहून बरीच जाड. तीस मायक्रॉनच्या वर गेलेला तंतू अंगाला टोचतो. म्हणून तलम लोकर सुटाला, जाड गालिच्याला, आणि त्याहून राठ ती कांबळीला, घोंगडीला असा जुना वाटा होता. तलम लोकरीला आजही श्रीमंत गिऱ्हाईक मिळतं. मार बसला तो जाड लोकरीला, कारण गालिचा आणि कांबळं या दोन्ही जागा नायलॉन आणि पॉलिस्टरने घेतल्या.

तलम केसही सुरक्षित नाहीत, हे मात्र काश्मीरने फार आधी अनुभवलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या दरबारी बायकांनी काश्मिरी शाल खांद्यावर घेतली आणि युरोपभर तिचं वेड पसरलं. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावाने काश्मिरी कोयरीच्या नकला काढायला सुरुवात केली. मूळ शालीच्या काही अंश किमतीत त्या विकल्या जात. इकडे श्रीनगरात विणकरांवर भरमसाट कर होते आणि शाल विणण्याचं काम सोडून दुसरीकडे जाण्याची त्यांना मुभा नव्हती. २९ एप्रिल १८६५ रोजी विणकर रस्त्यावर उतरले. फौजेने त्यांना कालव्याच्या पुलाकडे रेटलं, आणि त्या दिवशी २८ विणकर मेल्याची नोंद आहे. पुढच्या पाच वर्षांत फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. फ्रान्स हा शालीचा सर्वांत मोठा खरेदीदार. पॅरिसची मागणी थांबली आणि शालीचे भाव कोसळले. त्यातून सावरायच्या आत १८७७ ते १८७९चा दुष्काळ आला आणि त्यात विणकरांच्या वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. त्याआधी १८३३च्या दुष्काळात बाहेर पडलेले काश्मिरी विणकर अमृतसर-लुधियानात स्थिरावले होते, आणि पंजाबातल्या लोकरीच्या धंद्याचं एक मूळ तिथे आहे.

आज पश्मिन्याची मागणी जगात आहे, आणि अडचण कातण्यात आहे. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांच्या अंगावर कडाक्याच्या थंडीत बारीक लव येते, १२ ते १६ मायक्रॉनची. ती हिवाळा सरल्यावर विंचरून काढतात. हा तंतू इतका आखूड आणि नाजूक असतो की गिरणीच्या यंत्रावर एकटा टिकत नाही. यंत्रावर कातायचा तर त्यात नायलॉन मिसळायचं, आणि कापड विणून झाल्यावर आम्लाने ते नायलॉन विरघळवायचं. त्यात पश्मिन्याचाही जोर जातो. खरा पश्मिना श्रीनगरच्या घराघरांतल्या बायका चरख्यावर कातत आल्या. त्यांची मजुरी वर्षानुवर्षं दहा धाग्यांच्या एका गाठीला एक रुपया, अशा हिशेबाने चालली. ज्या शालीला परदेशात लाखाच्या घरात किंमत येते, तिचं सूत काढणाऱ्या बाईला दिवसभराच्या मेहनतीनंतर शेतमजुरीइतकेही पैसे सुटत नसतील, तर तिची मुलगी चरख्याला हात कशाला लावेल? हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या काश्मिरी पश्मिन्याला २००८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते चांगलंच झालं. पण मानांकनाचा लाभ कातणारीच्या हाती किती पडतो, यावर पश्मिना टिकणार की नाही हे ठरेल. आजवरचा अनुभव तरी धीर देणारा नाही.

पानिपत म्हटलं की मराठी माणसाला १७६१ आठवतं. त्याच गावाने विसाव्या शतकाच्या अखेरीस एक वेगळंच साम्राज्य उभं केलं होतं. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरीचे कोट, स्वेटर, मफलर जहाजांनी कांडल्याला उतरत आणि तिथून पानिपतला येत. गुंड्या, अस्तरं, चेन काढायच्या, रंगांनुसार ढीग लावायचे, यंत्रात फाडून त्यांचे पुन्हा तंतू करायचे आणि त्यांचं सूत काढून कांबळी विणायची. जुन्या लोकरीतून नवी लोकर काढायची ही युक्ती १८१३च्या सुमारास यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने शोधली. तिथला धंदा बसल्यावर पानिपतने तो उचलला. भूकंप, पूर, युद्ध, जगात कुठेही आपत्ती आली की मदतसंस्था जी करड्या रंगाची जाडजूड कांबळी वाटत, ती बहुधा पानिपतची असत. रंग वेगवेगळे करण्याचं, गुंड्या काढण्याचं काम बायकांच्या हाती होतं आणि त्यावर हजारो घरं चालत.

मग पॉलिस्टरचं फ्लीस आलं. ते हलकं, लवकर वाळणारं, चमकदार रंगांचं आणि स्वस्त. विमानाने पाठवायचं तर वजनाला पैसे पडतात, म्हणून मदतसंस्थांनीही ते पसंत केलं. पानिपतच्या कारखानदारांनी काळ ओळखून परदेशी यंत्रं आणली आणि मिंक ब्लँकेटं काढायला सुरुवात केली. व्यापारी म्हणून त्यांचं काही चुकलं नाही. गाव आजही भरभराटीचं आहे. फक्त त्याच्या मालात लोकर फार थोडी उरली.

न्यूझीलंडमध्ये १९८२ साली सात कोटींवर मेंढ्या होत्या, म्हणजे माणशी वीसहून अधिक. १९८४मध्ये सरकारने शेतीची अनुदानं काढून घेतली. पाठोपाठ दुधाच्या धंद्याने कुरणं व्यापली आणि डोंगरउतारांवर पाइनची झाडं लागली. आज तिथे अडीच कोटींच्या आत मेंढ्या उरल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींची लोकर जाड, गालिच्याची. ती कातरायला जेवढी मजुरी पडते तेवढेसुद्धा पैसे लोकर विकून येत नाहीत, अशी वर्षं आता नेहमीची झाली आहेत. तरी कातरावी लागते, कारण न कातरलेली मेंढी उन्हाने हैराण होते आणि तिच्या अंगावर माश्या अंडी घालतात. ब्रिटनमध्ये २०२० साली हॉटेलं, जहाजं, कचेऱ्या बंद पडल्या, गालिच्यांची मागणी थांबली, आणि कित्येक शेतकऱ्यांनी वर्षाची लोकर बाजारात नेण्याऐवजी जाळली किंवा खतात घातली.

न्यूझीलंडने मात्र हात टेकले नाहीत. १ जुलै २०२५पासून सरकारी इमारतींच्या नव्या बांधकामात आणि दुरुस्तीत, शक्य तिथे लोकरीचेच गालिचे आणि लोकरीचंच आवरण वापरावं असा नियम तिथे आला. त्याने सात कोटी मेंढ्या परत येणार नाहीत. पण एका मोठ्या गिऱ्हाइकाची खात्री असली की धुण्याचा कारखाना आणि सूतगिरणी चालू राहते, हा हिशेब त्यामागे आहे आणि तो योग्य आहे.

प्राण्यांच्या केसांच्या धंद्याला आणखी एक धक्का बसला, तो माणसांच्या सदसद्विवेकाचा. २०१३मध्ये चीनमधल्या अँगोरा सशांचे केस जिवंतपणी उपटले जात असल्याचं चित्रण बाहेर आलं आणि बड्या कंपन्यांनी अँगोरा घेणं थांबवलं. २०१८मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अँगोरा बकऱ्यांचा छळ दाखवणारं चित्रण आलं. जगातलं जवळजवळ निम्मं मोहेर, म्हणजे या बकऱ्यांचे केस, त्या एका देशात होतं. एच अँड एम, झारा, गॅप यांसारख्या नावांनी मोहेर वर्ज्य केलं. कारू या कोरड्या पठारावरचे शेतकरी हादरले आणि दोन वर्षांत जबाबदार मोहेरसाठी तपासणीची पद्धत आली. प्राण्याला वेदना देऊन काढलेला केस नाकारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे; ज्या कळपात हे घडतं तिथे ते थांबायलाच हवं. पण त्या जागी जो धागा आला तो खनिज तेलातून आला, आणि धुण्याच्या प्रत्येक पाण्याबरोबर त्याचे सूक्ष्म कण नदीत जातात, हेही त्याच गिऱ्हाइकासमोर मांडलं गेलं पाहिजे.

भारताचे आकडे प्रथमदर्शनी गोंधळात टाकतात. २०१२च्या पशुगणनेत देशात साडेसहा कोटी मेंढ्या होत्या, २०१९मध्ये त्या ७ कोटी ४२ लाखांवर गेल्या. लोकर मात्र २०१४-१५मध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख किलो होती, ती २०२३-२४पर्यंत ३ कोटी ३७ लाख किलोंच्या आसपास घसरली. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते, हा त्याचा सरळ अर्थ. तेलंगणाने २०१७पासून सरकारी योजनेतून लाखो मेंढ्या वाटल्या. त्यामागचा हेतूही मांसाचाच होता.

देशातली जवळपास ८५ टक्के लोकर गालिच्याच्या प्रतीची आहे. जवळपास निम्मी लोकर एकट्या राजस्थानची, आणि बिकानेरची मंडी या व्यापाराचं केंद्र. पण भदोही-मिर्झापूरचा गालिचा विणायला एकटी बिकानेरी लोकर पुरत नाही आणि तिचा रंगही पिवळसर, म्हणून तिच्यात न्यूझीलंडची पांढरी लोकर मिसळतात. या गालिच्यांचा निम्म्याहून जास्त माल अमेरिका घेते. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा भदोहीत मागण्या थांबल्या, तयार माल पडून राहिला, आणि माग बंद ठेवायची पाळी आली. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याला महिने लागतात. विणकर दुसऱ्या कामाला गेला तर शुल्क उतरल्यावरही तो परत येईलच असं नाही.

महाराष्ट्रातल्या सुमारे २७ लाख मेंढ्यांपैकी मोठा भाग दख्खनी जातीचा. सोलापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर, पुणे या अवर्षणग्रस्त पट्ट्यात ही काळी, काटक मेंढी तगते. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी बिऱ्हाडं, कोकणाकडे, बारमाही पाण्याच्या मुलखाकडे निघतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. मटण, लेंडीखत आणि लोकर, असं हे तिपेडी उत्पन्न होतं. त्यातला लोकरीचा पेड जवळजवळ तुटला आहे.

दख्खनी लोकर परदेशात मोठ्या प्रमाणावर कधी गेली नाही. तिची बाजारपेठ इथेच होती आणि ती घोंगडीची होती. वर्षातून दोनदा मेंढ्या ओढ्यावर धुऊन कातरायच्या. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर म्हणजे जावळ. तिची घोंगडी खास. धनगर बाया टकळीवर, चरख्यावर सूत काढत. सणगर विणकर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणत आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावत. लोकरीतल्या चरबीमुळे घोंगडीवर पाऊस लवकर मुरत नाही, म्हणून खोळ करून डोक्यावर घेतली की गुराख्याचा पावसाळा निभावत असे. प्लास्टिकच्या इरल्याने आणि मिंक ब्लँकेटाने ती गरज भागवली. सणगरांची पुढची पिढी शहराकडे गेली. पिंजायला कुणी नाही, कातायला कुणी नाही. आता लोकर कातरणाऱ्याला पैसे द्यावे लागतात आणि कातरलेली लोकर पुष्कळदा बांधावरच पडून राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडारा, खारीक-खोबऱ्याबरोबर आजही लोकर उधळतात. देवाला वाहण्याइतकी जी मोलाची होती, ती बाजारात कवडीमोल ठरली आहे.

पाळणारे आपला निर्णय घेत आहेतच. जतच्या बाजूची माडग्याळ मेंढी उंच, वजनदार आणि अंगावर लोकर बेताची. तिला चांगला भाव येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतला जुळी कोकरं देणारा गुणधर्म दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. हे उत्तम शास्त्रीय काम आहे आणि त्याने मेंढपाळाचं उत्पन्न वाढतं. मात्र चहूकडे मांसाचाच विचार होत राहिला आणि लोकरहीन जातींशी संकर वाढत गेला, तर काही पिढ्यांत दख्खनी लोकर अंगावर उगवणंच कमी होईल. मग पुढे कधी मागणी आली तरी द्यायला काही नसेल.

मागणीच्या खुणा आहेत. काही संस्था दख्खनी लोकरीचं सूत, जाजमं, नमदे काढून शहरांत विकू लागल्या आहेत. या लोकरीवर बेतलेल्या ‘देसी ऊन’ या छोट्या ॲनिमेशनपटाला २०२५मध्ये फ्रान्समधल्या ॲनसी महोत्सवात पारितोषिक मिळालं. युरोपात जाड लोकर भिंतींमध्ये थंडी-उष्णता रोखण्यासाठी भरतात, तिच्या गोळ्या करून खत म्हणून वापरतात. लोकरीत नत्र भरपूर असतं आणि ती पाणी धरून ठेवते, म्हणजे माण-आटपाडीच्या डाळिंबाच्या बागांतही हा प्रयोग करण्यासारखा आहे.

राज्यात मेंढी-शेळी विकासाचं महामंडळ १९७८पासून आहे. मेंढ्या वाटण्याच्या योजनांबरोबर त्याने सांगोला किंवा आटपाडीच्या आसपास लोकर निवडण्याची, धुण्याची आणि पिंजण्याची एक चांगली सोय उभी करावी, सांडपाण्याच्या व्यवस्थेसकट. वाडा फिरता असतो, म्हणून लोकर गोळा करायला गाडी वाड्यावर जायला हवी. धनगराने कातरणीच्या दिवसांत पोती घेऊन तालुक्याला यावं ही अपेक्षा चालणार नाही. आश्रमशाळा, वसतिगृहं, सरकारी रुग्णालयं यांच्या जाजमांच्या आणि कांबळ्यांच्या खरेदीत ठरावीक हिस्सा या लोकरीसाठी राखावा, आणि त्याची किमान पाच वर्षांची हमी द्यावी, म्हणजे यंत्रावर पैसे घालणाऱ्याला मागणीचा अंदाज येईल. आज पन्नाशी-साठी ओलांडलेले जे थोडे सणगर विणकर सोलापूर-सांगलीत आहेत, त्यांच्या हाताखाली मुला-मुलींना शिकवायला हीच काही वर्षं उरली आहेत. म्हणून ही सोय पुढच्या कातरणीच्या हंगामाआधी सुरू होणं गरजेचं आहे.